बाराव्याचे दाणे

बा गेल्याला आठवडाही झाला नव्हता, तेव्हा चबुतऱ्यापाशी पहिली लांडोर पडलेली दिसली.

मी इस्लामकोटहून येईपर्यंत बाला मातीआड केलेलं होतं. जेठ महिन्यातल्या उन्हात कुणासाठी थांबत नाहीत. आमची गाडी शेवटच्या टेकाडाच्या वाळूत रुतली, आम्ही उतरून ती ढकलली, आणि मी अंगणात पाय ठेवला तेव्हा पुरुष हातपाय धुऊन दुखवट्याच्या चटईवर बसलेले होते. खीमा, माझा थोरला भाऊ, मला बघून उभा राहिला आणि परत बसला. मा आत चौंऱ्यात होती. गवताने शाकारलेल्या त्या गोल खोलीला कोपरा नसतो, पण विधवेनं जिथं बसायचं त्या जागेला आमच्याकडे कोपराच म्हणतात. दाराच्या उजव्या हाताला, धान्याच्या कणगीमागे. मनगटापासून खांद्यापर्यंतच्या तिच्या पांढऱ्या बांगड्या उतरवल्या होत्या. लग्नापासून ऊन न लागलेली कातडी दंडांवर उघडी पडली होती, एखाद्या लहान मुलीच्या हातासारखी. मी त्या हातांकडेच बघत बसले.

तिचा भाऊ येऊन घेऊन जाईपर्यंत तिला त्या जागेवरून हलायचं नव्हतं. सूर्य उगवायच्या आत तोंड झाकून तेवढं बाहेर जाऊन यायचं. खीमाची बायको बाळंतपणाला माहेरी होती. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी लागलेली, त्यामुळे मी राहिले आणि बाहेरची सगळी कामं माझ्याकडे आली.

पहाटे गाढवं घेऊन विहिरीवर जायचं. आमची विहीर खोल. गाढवं दोर ओढत निघाली की वाळूवरून लांब जाऊन ठिपक्याएवढी होतात, तेव्हा कुठे मोट काठावर येते. ती धरून ओतून घ्यायची, तिच्यातला गाळ बाजूला करायचा, घागरी भरायच्या. शहरातल्या नळाची सवय झालेले माझे तळहात पहिल्याच दिवशी सोलवटले. घागरी घरी आणल्या की शेळ्यांचं पाणी, मग पीठ, मग बाजरीच्या भाकरी, चटईवर बसायला येणाऱ्यांसाठी चहा. आणि या सगळ्याच्या आधी दाणे.

मोरांना दाणे घालणं हे बाचं काम. गावाबाहेरच्या खेजडीच्या झाडाखाली त्यानं मातीचा चबुतरा बांधला होता, लिंपून लिंपून दगडासारखा केलेला. दुष्काळात सारा गाव गुरं घेऊन कालव्याच्या मुलखात गहू कापायला जायचा, तेव्हा परतताना मजुरीतलं पहिलं पोतं बा चबुतऱ्याचं म्हणून वेगळं काढायचा, आणि मा त्यावरून त्याच्याशी अख्ख्या वाटेनं भांडायची. आता ती कणगीमागून रोज सकाळी मला एकच गोष्ट विचारायची.

"आले का सगळे?"

"आले," मी सांगायचे.

आणि ते यायचे खरेच. टेकाडांवरून, केराच्या काटेरी झुडपांतून, एकामागून एक, लांब शेपट्या वाळूवर ओढत. त्यांच्या पायांत भागभरी मासीच्या कोंबड्या. भागभरी टेकाडापलीकडच्या मुसलमानांच्या पाड्यात राहायची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि अंडी इस्लामकोटच्या दुकानाला घालून तिचं चालायचं. तिच्या कोंबड्यांना चबुतऱ्याची वाट कुणी शिकवावी लागली नव्हती.

त्या सकाळी मी ओढणीच्या ओच्यात बाजरी घेऊन गेले, तर लांडोर चबुतऱ्याच्या पायाशी बसलेली. मला वाटलं, अंड्यावर बसलीय. जवळ गेले तशी ती उठायला धडपडली आणि मागे मागे गोल फिरायला लागली. मान पिरगळून पाठीवर गेलेली. एक पंख गळालेला, शेपटाला हिरवी विष्ठा चिकटलेली. बाकीचे तिच्या अंगावरून पाय टाकत दाण्यांची वाट बघत होते. मी दाणे टाकले. दुसरं काय करायचं मला सुचलं नाही.

विहिरीवरून परत येईपर्यंत ती मेली होती. काका वीरजी, बाचे चुलतभाऊ, चटईवरून उठून बघायला आले आणि ऊन लागलं असणार म्हणाले. खीमानं तिला झुडपामागे नेऊन टाकलं. मानं विचारलं तेव्हा मी, आले सगळे, असंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दोन होते, एक मोर आणि एक लांडोर. त्यानंतर उन्हाचं नाव कुणी काढलं नाही. मोर झाडावरून खाली पडत होते. धडधाकट दिसणारा नर, पिसारा पूर्ण भरलेला, चबुतऱ्यावर दाणा टिपायला वाकायचा आणि चोच दाण्याच्या बाजूला वाळूत आपटायची. परत उचलायची, परत आपटायची. ते बघवत नव्हतं. खीमा मोटरसायकल काढून इस्लामकोटला गेला आणि जनावरांच्या डॉक्टरला घेऊन आला.

डॉक्टर मुनव्वर तरुण होते, घामानं भिजलेले, वाळूत बूट भरलेले. त्यांनी एका मेलेल्या मोराची चोच उघडून आत बघितलं, मान हातात धरून वळवून बघितली आणि मग मोर सोडून चबुतऱ्याकडेच बघत राहिले. हा कुणी बांधला, त्यांनी विचारलं. खीमानं सांगितलं.

"पुण्याचं काम केलं त्यांनी," डॉक्टर म्हणाले. "पण आता हा बंद ठेवावा लागेल. ही मानमोडी आहे, कोंबड्यांची. आजारी आणि धडधाकट, सगळे एका ताटात जेवतायत इथं."

ते जे बोलले ते चटईवरच्या सगळ्यांनी ऐकलं. मेलेले खोल पुरायचे, वर चुना टाकायचा. इथं दाणा नाही, पाणी नाही. मोर उपाशी राहू नयेत म्हणून लांब लांब बांधांवर थोडे थोडे दाणे ठेवायचे, रोज जागा झाडायची, पाण्याचं भांडं राखेनं घासून उन्हात टाकायचं. रानातल्या मोराला धरून लस देणं कुणालाच जमायचं नाही, म्हणून गावातल्या सगळ्या कोंबड्यांना ती द्यायची. लस बर्फात आणावी लागेल, ती ते देतील. ज्या मोराची मान वळली त्याच्यावर उपाय नाही.

मग काका वीरजींनी विचारलं की बाराव्याचं काय.

डॉक्टरांना कळलं नाही. ते सिंधच्या हैदराबादकडचे, आमच्या थरातले नव्हते. माणसाच्या बाराव्याला आमच्याकडे घराघरातून, गावागावातून बाजरी येते आणि त्याच्या नावानं पाखरांना घालतात. पहिला दाणा मोरानं टिपला की गेलेला जेवला, त्याची वाट मोकळी झाली. आणि हा तर पूंजोचा, माझ्या बाचा, बारावा. चारी दिशांनी पोती निघाली असतील. ते ऐकून डॉक्टरांनी डोक्यावरचा घाम पुसला आणि म्हणाले की ते तुमचं तुम्ही बघा, मी फक्त मोरांचं सांगू शकतो.

त्यांची गाडी गेल्यावर चटईवर कोंबड्यांचा विषय निघाला. वीरजी म्हणाले, लस कशाला, सगळ्या कापून टाका, म्हणजे मूळच गेलं. भागभरी तेव्हा मासाठी ताक घेऊन आली होती. मडकं तिनं खाली ठेवलं नाही.

"वीरजीला खोकला झाला तरी माझ्याच कोंबड्यांनी दिला असणार," ती म्हणाली. "इतकी वर्षं विडी ओढतो, ती बिचारी उगाच जळते."

दोघे-तिघे हसले, पण वीरजी हसले नाहीत, आणि भागभरी आत येऊन माजवळ बसली. मानं ताक पिऊन मडकं परत दिलं. भागभरी म्हणाली की चबुतऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या कोंबड्या जातात, तिच्या सासूच्याही जायच्या, आणि तिनं उभ्या जन्मात मोरावर खडा उचललेला नाही. हे सगळ्यांना माहीत होतं. आमच्या मुलखात मोरावर कुणीच खडा उचलत नाही, आम्ही मेघवाळ असो की मुसलमान.

ती गेल्यावर माला सांगणं मला भाग होतं. मी सांगितलं, जसं डॉक्टर बोलले तसं. तिनं सगळं ऐकून घेतलं. कणगीमागच्या अंधारात मला तिचं तोंड दिसत नव्हतं.

"पाच मोर मेले आणि तू मला रोज सांगत होतीस, आले म्हणून."

"हो."

"बरं. खोटं बोललीस ते बोललीस. पण दाणे मी बंद करू देणार नाही, केसर. त्यानं आपल्या पोटाला चिमटा काढून घातले. माझ्याही पोटाला काढला. आता त्याची वेळ आली आणि आपणच दार लावायचं?"

मी म्हणाले की दार कुणी लावत नाही. पुस्तकांतून मी मरणाबद्दल पुष्कळ वाचलेलं आहे, आणि त्या क्षणी त्यातलं काही उपयोगाला आलं नाही. बा कुठे आहे आणि त्याला भूक लागते की नाही हे मला माहीत नव्हतं. तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी ओच्यात काही न घेता चबुतऱ्याकडे गेले, झाडू आणि चुन्याची पिशवी घेऊन. तिथं ताजी बाजरी पडलेली होती, मूठ मूठ करून नीट पसरलेली, आणि सगळे मोर तिच्यावर. जे उरले होते ते सगळे. खीमा खेजडीच्या बुंध्याला टेकून उभा होता. मी विचारायच्या आधीच तो म्हणाला की मा रात्रभर रडत होती, तुला झोप लागली, मला नाही लागली. त्याचा चेहरा वाळूच्या रंगाचा झाला होता. भांडावंसं वाटलं नाही. मी झाडूनं मोरांना हुसकलं. ते चार पावलं लांब जाऊन उभे राहिले आणि माझ्याकडे बघत राहिले. माणसानं त्यांना या जागेवरून कधी हाकललेलं नव्हतं, त्यामुळे मी काय करतेय ते त्यांना समजेना. मी पाठ फिरवली की ते परत पुढे यायचे.

एक लांडोर आली नाही. ती बसूनच होती. मी तिला उचललं. हातात अगदी हलकी, आत फक्त हाडं आणि ऊब. मान माझ्या कोपरावरून उलटी लोंबत होती आणि पाय हवेत चालत होते. खीमा म्हणाला, कुठे नेतेस तिला. घराच्या दारापर्यंत मलाही नक्की ठाऊक नव्हतं.

मी तिला नेऊन माच्या मांडीवर ठेवलं.

मा आधी दचकली. मग तिनं ओढणी मागे सारली आणि दोन्ही हातांनी लांडोरीची मान धरली, एखाद्या बाळाची धरावी तशी, आणि हळूच सरळ केली. हात सैल सोडले की मान परत फिरायची. तिनं पुन्हा सरळ केली. असं किती वेळ. मग घागरीतल्या पाण्यात बोट बुडवून चोचीशी नेलं. पाणी चोचीच्या कडेनं खाली आलं.

"गिळत नाही," मा म्हणाली.

"नाही गिळत."

"त्यानं बघितलं होतं का हे? जायच्या आधी?"

मी म्हणाले की नाही, तेव्हा सुरू झालं नव्हतं. ते खरं होतं की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. मोर त्याच्याही आधी लांब झुडपांत पडत असतील. पण ती विचारत होती ते मोरांबद्दल नव्हतं. लांडोर उन्हं वर येईपर्यंत जगली. मेल्यावरही मानं तिला लवकर सोडलं नाही. तिच्या उघड्या दंडांवर हिरवट डाग पडले होते. मी पाणी ओतलं, तिनं ते राखेनं चोळून धुतले.

संध्याकाळी तिनं भागभरीला बोलावून आणायला सांगितलं आणि मला बाहेर घालवलं. आत काय बोलणं झालं ते भागभरीनंच नंतर मला सांगितलं. मा म्हणाली होती की तुझ्या कोंबड्यांना औषध घाल, मी पदर पसरते. भागभरी म्हणाली होती, पदर आवर, आधीच मळलाय.

पहाटे मला जाग आली तेव्हा कणगीमागे कुणी नव्हतं.

मला वाटलं, नेहमीसारखी बाहेर गेली असेल. मी गाढवं सोडली, दोर खांद्यावर घेतला. उजाडायला लागलं. टेकाड चढले आणि चबुतऱ्याशी मला मा दिसली. अंगभर पांढरी ओढणी, हातात शेळ्या हाकायची काठी. मोर तिच्याभोवती गोळा होत होते आणि ती त्यांना हाकलत होती. नुसती हुसकत नव्हती. काठी जमिनीवर आपटून, घशातून आवाज काढून, त्यांच्यामागे धावून. वाळूत तिचे पाय रुतत होते. मोर ओरडत झुडपांवर उडत होते, लांब जाऊन परत वळत होते, आणि ती परत त्यांच्या अंगावर जात होती. चाळीस वर्षं नवऱ्यानं जिथं दाणे घातले तिथून.

सूर्य वर आला. ती आत गेली नाही.

पुरुष चटईवर यायला लागले होते, त्यांनी टेकाडावरून पाहिलं. दिवसाउजेडी, दुखवट्यातली विधवा, उघड्यावर, ओढणी खांद्यावर घसरलेली. सगळे जागच्या जागी थांबले. खीमा खाली मान घालून उभा. शेवटी काका वीरजी उतरून चबुतऱ्यापर्यंत गेले, थोडं अंतर ठेवून, तोंड दुसरीकडे करून.

"भाभी, हे काय चालवलंय. कोपरा सोडलात तुम्ही."

मानं ओढणी डोक्यावर ओढली. ती धापा टाकत होती.

"मग तुम्ही उभे राहा इथं," ती म्हणाली. "मी जाते आत."

आणि काठी पुढे केली. दीर भावजयीच्या हातून काही थेट घेत नाही, म्हणून तिनं ती दोघांच्या मध्ये वाळूवर ठेवली आणि ती माझ्याजवळून, माझ्याकडे न बघता, घराकडे चालायला लागली. वीरजी काठीकडे बघत राहिले. एक मोर लगेच चबुतऱ्यावर चढला. वीरजींनी वाकून काठी उचलली. पहिल्यांदा त्यांनी ती नुसती हलवली, लाजत, कुणी बघतंय का ते बघत. मोर ढिम्म. मग त्यांनी जमिनीवर आपटली. दुपारपर्यंत ते तिथं होते, त्यानंतर खीमा, त्यानंतर दुखवट्याला आलेल्यांतला जो हाताशी असेल तो. चटईवर बसायला आलेल्या माणसाला चहा दिला जाई आणि मग काठी दिली जाई. परगावचा एकजण म्हणाला की असा दुखवटा त्यानं कुठं बघितला नाही. वीरजी म्हणाले, आम्हीही नाही, हो पुढे.

त्याच दिवशी खीमा इस्लामकोटला जाऊन लस घेऊन आला, थर्मासमध्ये बर्फ आणि बर्फात इवलीशी बाटली. डॉक्टरांनी एक माणूसही दिला होता, पण तो मला कसं करायचं ते दाखवून दुसऱ्या गावाला निघून गेला. उजाडायच्या आत, कोंबड्या खुराड्यात असतानाच धरायच्या. एकीनं धरायची, दुसरीनं डोळ्यात एक थेंब टाकायचा आणि कोंबडीनं पापणी मिटेपर्यंत सोडायची नाही.

भागभरी तयार होती, पण तोंड बंद ठेवायला नाही.

"डोळ्यात औषध. सुरमा घालतात तसं. आज काय लगीन आहे का माझ्या पोरींचं?"

"मासी, घट्ट धर. फडफडतेय."

"फडफडणारच. तुझ्या डोळ्यात घातलं असतं तर तू काय मांडीवर बसली असतीस? ... ही धर. ही रोज अंडं देते. हिला काही झालं तर मी तुझ्या चौंऱ्यात येऊन अंडी घालणार आहे."

मी हसले. बा गेल्यापासून पहिल्यांदाच. आणि लगेच ते चुकल्यासारखं वाटलं, आणि भागभरीनं ते बघितलं, आणि पुढची कोंबडी माझ्या हातात दिली. तिच्या संपल्यावर आम्ही दोघी पाड्यातल्या घरोघरी गेलो, मग कोल्ही लोकांच्या वस्तीवर. कुणी नको म्हटलं की भागभरी आत जायची. आत ती काय सांगायची मला माहीत नाही. बाहेर येताना तिच्या हातात कोंबडी असायची. बर्फ पाणी व्हायच्या आत सगळ्या झाल्या. माझे हात ओरबाडून लाल झाले होते, विहिरीचे फोड आणि नख्यांचे ओरखडे एकात एक.

तरी मोर मरतच होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ज्यांना आत लागलंय ते जाणारच. रोज आम्ही पुरत होतो, रोज वर चुना. खीमा खड्डे खणून खणून वाकला होता. पण चबुतऱ्यावर आता दाणा नव्हता. मोरांची सवय मोडत होती. ते यायचे, रिकाम्या मातीवर चोच मारून बघायचे, आणि एकेक करून निघून जायचे. ते जाताना बघणं मरताना बघण्यापेक्षा फार सोपं नव्हतं.

मग बारावा आला.

आदल्या संध्याकाळपासून माणसं येत होती, जीपमधून, उंटावरून. प्रत्येकाबरोबर बाजरी. कुणी पोतं, कुणी गाठोडं. माझी आत्या, बाची धाकटी बहीण, छाछरोजवळच्या तिच्या गावाहून पाच पोती घेऊन आली होती. तिनं अंगणात उतरून आधी भावाच्या नावानं आक्रोश केला, मग डोळे पुसले आणि मोर कुठे आहेत ते विचारलं. खीमानं चबुतऱ्याचं सगळं सांगितलं. आत्या ऐकत गेली तशी तिची मान ताठ होत गेली.

ती आत आली तेव्हा मी माच्या जवळ होते.

"भाभी," ती दारातूनच म्हणाली, "माझ्या भावाला उपाशी धाडणार तुम्ही?"

बाहेर सगळे ऐकत होते. चौंऱ्याची भिंत मातीची असली तरी दार उघडंच होतं. माला आवाज चढवायची गरज नव्हती.

"तुझ्या भावाच्या नावाचा दाणा खाऊन उद्या मोर पडला," मा म्हणाली, "तर तो कुणाच्या माथी, बाई? तुझ्या, माझ्या की त्याच्या?"

आत्या उभीच राहिली.

"त्याच्या माथी मी नाही येऊ देणार. मी बसलेय तोवर नाही. तुझी पोती परत घेऊन जा. त्याच्या नावानं तुझ्या गावच्या बांधावर घाल. एका जागी नको, थोडं थोडं, लांब लांब. वीरजींना सांगितलंय, तेही तसंच करतील. सगळेच करतील. ज्यानं त्यानं आपापल्या बांधावर."

"आणि पहिला दाणा मोरानं टिपला की नाही, ते कुणी बघायचं?"

मानं ओढणी पुढे ओढली.

"कुणी नाही," ती म्हणाली. "कुणी बघायचं नाही."

तेवढंच. आत्या बाहेर गेली आणि आपल्या पोत्यांवर बसून राहिली. जेवणं झाली. भाकरी, तूप, गूळ. चुन्यानं पांढरा झालेला चबुतरा टेकाडाखाली दिसत होता आणि कुणी तिकडे गेलं नाही. काय करायचं ते कुणालाच धड कळत नव्हतं. बारावा व्हायला हवा तसा होत नव्हता. मग कोल्ही लोकांच्या वस्तीवरचा एक म्हातारा उठला, त्यानं आपलं गाठोडं पाठीवर टाकलं आणि पूंजोचं नाव घेऊन उत्तरेकडे चालायला लागला. त्याच्यामागे दुसरा उठला, तो पूर्वेला गेला. भागभरी तिच्या वाट्याची बाजरी ओढणीत घेऊन तिच्या पाड्याकडे निघाली. काका वीरजी सर्वांत शेवटी उठले, कारण त्यांचे गुडघे दुखत होते. टेकाडांवर सगळीकडे पाठीवर ओझं घेतलेली माणसं दिसत होती, कुणीच कुणाबरोबर नाही. थोड्या वेळानं दिसेनाशी झाली.

आत्या रडत होती. तिनं पोती जीपमध्ये परत चढवायला सांगितली. जाताना आत येऊन ती माच्या पायाशी बसली, आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून खूप वेळ रडल्या. मा तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मी बाहेर जाऊन शेळ्यांचं पाणी बघितलं.

आषाढ अर्धा सरला तेव्हा एक दिवस पुरायला काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी एक होता. मग नव्हता, आणि नव्हता. डॉक्टर येऊन गेले, कोंबड्यांना दुसरा थेंब पडला, आणि त्यांनी खीमाला सांगितलं की अजून वर्षभर तरी चबुतऱ्याला हात लावू नका. त्या वर्षी पाऊस वेळेवर झाला. माझी शाळा सुरू झाली. मी इस्लामकोटला गेले आणि सुट्टी मिळेल तशी येत राहिले.

भादव्यात मामा जीप घेऊन आला, माला कोपऱ्यातून उठवून माहेरी न्यायला. मी बरोबर गेले. मा मागच्या बाजूला ओढणी पुढे ओढून बसली होती. ती इतके महिने अंधारात होती, उजेडानं तिच्या डोळ्यांना पाणी येत होतं. गवार कमरेएवढी वाढलेली, बाजरी कणसावर, वाळू कुठे दिसतच नव्हती.

वीरजींच्या शेतापाशी गाडी थांबली, कारण त्यांची सून रूपां खुरपं हातात घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी होती. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. तिनं त्याला दोन शब्द सुनावले.

"दिसत नाही का? आमची पोरं जातायत."

लांडोर गवारीतून बाहेर आली होती, मागे तिची पिल्लं, डोक्यावर नुकताच फुटलेला तुरा. रूपांनं गाडीत कोण आहे ते पाहिलं आणि घाईनं तोंडावर ओढणी घेतली. मामानं विचारलं, कुणाचे हे मोर.

"आमचे," ती ओढणीतून म्हणाली. "या बांधावरचे. पलीकडचे भागभरीचे, ते हल्ली इकडे चरायला येतात. तिला सांगा काकी, दाणे जरा लांब टाक म्हणावं. आमच्यांना पुरत नाहीत."

मी माच्या तोंडाकडे बघितलं. बाचं नाव कुणी घेतलं नव्हतं, आणि मी वाट बघत होते की ती घेईल. तिनं ओढणी थोडी वर केली.

"इंजिन बंद कर," ती ड्रायव्हरला म्हणाली. "घाबरतात ती."

इंजिन बंद झालं. लांडोर पलीकडच्या बाजरीत शिरली, पिल्लं तिच्यामागे. शेवटचं रस्त्याच्या मधोमध थांबून चाकोरीतली माती उकरायला लागलं. मामा, ड्रायव्हर, मा, मी आणि खुरपं हातात धरलेली रूपां, त्याचं उकरून होईपर्यंत आम्ही सगळे तिथंच थांबलो.